टर्न-बेस्ड आरपीजीमधल्या रिअ‍ॅक्शन्स आणि प्रॉम्प्ट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आमचा एक छोटा गट आहे. रविवारी एकत्र बसून टेबलवर डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ, म्हणजे आरपीजी) खेळतो, बाकीचे दिवस जो तो आपापल्या पीसीवर. सदर, मनीषनगर, वाडी, शिवाय हॉस्टेलची पोरं, सगळीकडून मेसेज येतात आणि त्यातले निम्मे रिअ‍ॅक्शनबद्दलच असतात. तेच प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत, आले तसेच, आपल्याच बोलीत. बहुतेक जण सध्या बाल्डर्स गेट ३ खेळतात, म्हणून वेगळं काही सांगितलं नसेल तर उत्तर त्या गेमचं समजा. टेबलचे नियम जिथे येतात तिथे २०१४ ची पाचवी आवृत्ती धरली आहे, कारण गेम तिच्यावरच बेतलेला आहे. बाकीचे गेम शेवटी घेतले आहेत.

१. भाऊ, अ‍ॅक्शन समजली, बोनस अ‍ॅक्शन समजली. ही रिअ‍ॅक्शन काय भानगड आहे?

अ‍ॅक्शन आणि बोनस अ‍ॅक्शन तुम्ही आपल्या टर्नमध्ये, आपल्या मर्जीने वापरता. रिअ‍ॅक्शन वापरायला आधी काहीतरी घडावं लागतं: शत्रू तुमच्या शेजारून निसटतो, कोणी तुमच्यावर बाण सोडतो, समोरचा जादूगार मंत्र (स्पेल) म्हणायला लागतो. अशी गोष्ट घडली की दुसऱ्याच्या टर्नच्या मध्येच तुम्हाला उत्तर द्यायची संधी मिळते. अपॉर्च्युनिटी अटॅक (शेजारून निसटणाऱ्या शत्रूवर फुकटचा वार) सगळ्यांकडे असतो. शिल्ड (वार चुकवणारा स्पेल), काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल पाडणारा स्पेल), हेलिश रिब्यूक, अनकॅनी डॉज, रिपोस्ट ही क्लासप्रमाणे आणि लेव्हलप्रमाणे मिळतात.

२. एकदा वापरली की परत कधी मिळते? राउंड संपल्यावर ना?

नाही. तुमचा स्वतःचा पुढचा टर्न सुरू झाला की मिळते. हा फरक छोटा वाटतो, पण चौथ्या प्रश्नाचं सगळं उत्तर यावर उभं आहे. रिअ‍ॅक्शन एकच असते आणि ती साठत नाही. टर्न येईपर्यंत वापरली नाही तर ती वाया गेली, पुढच्या वेळी दोन मिळत नाहीत.

३. गेम मला न विचारताच रिअ‍ॅक्शन वापरून राहिला. काऊन?

कारण ती ऑटोवर आहे. स्पेलबुकच्या पॅनलमध्ये रिअ‍ॅक्शनचा वेगळा टॅब आहे. तिथे त्या कॅरॅक्टरच्या सगळ्या रिअ‍ॅक्शन्स दिसतात. प्रत्येकीला दोन गोष्टी ठरवता येतात: ती चालू ठेवायची की बंद, आणि चालू असेल तर आधी विचारायचं की नाही. विचारायची खूण केली की लढाई तिथल्या तिथे थांबते आणि प्रॉम्प्ट (वापरू का, असं विचारणारी चौकट) येतो. एकट्याने खेळताना त्याला वेळेची मर्यादा नाही, आरामात विचार करा.

हे सेटिंग प्रत्येक कॅरॅक्टरचं वेगळं असतं. एकाचं बदललं म्हणून चौघांचं बदलत नाही. लेव्हल वाढली की नवीन रिअ‍ॅक्शन यादीत येते, म्हणून प्रत्येक लेव्हल-अपनंतर हा टॅब एकदा उघडायची सवय लावा.

जुने यूट्यूब व्हिडिओ बघून गोंधळणारेही बरेच आहेत. गेम अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विकायला) होता तेव्हा सुरुवातीला असं मध्ये थांबवून विचारणं नव्हतंच. ते डिसेंबर २०२२ च्या पॅच ९ मध्ये आलं. पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ चा आहे, त्यामुळे त्या पॅचच्या आधीचे व्हिडिओ या बाबतीत सोडून द्या.

४. मग सगळंच विचारायवर ठेवू का? की ऑटो बरं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते चांगलं खेळणं इथूनच सुरू होतं. दोन कसोट्या लावा.

पहिली: या रिअ‍ॅक्शनला दुसरं काही खर्च होतं का? स्पेल स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका साठा), सुपीरिऑरिटी डाय (फायटरच्या खास डावांचा फासा), असं काही जात असेल तर विचारायवर ठेवा. वॉरलॉकचं उदाहरण घ्या. दुसऱ्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत त्याच्याकडे दोनच पॅक्ट स्लॉट (त्याचे स्पेल स्लॉट) असतात. मारणाऱ्यालाच उलट जाळणारा हेलिश रिब्यूक ऑटोवर असेल तर लढाईच्या पहिल्याच ओरखड्याला, म्हणजे एखाद्या किरकोळ गॉब्लिनच्या बाणाला, अर्धी जादू संपते. तेच दोन डी-१० (दहा बाजूंचे दोन फासे) फायर डॅमेज मोठ्या शत्रूसाठी राखलं असतं तर कामी आलं असतं.

दुसरी: त्याच कॅरॅक्टरकडे त्याहून मोलाची दुसरी रिअ‍ॅक्शन आहे का? विझार्डच्या हातातल्या काठीचा अपॉर्च्युनिटी अटॅक म्हणजे जेमतेम डी-६. तो ऑटोवर राहिला तर पळत्या शत्रूला एक टोला बसतो आणि त्या राउंडमध्ये शिल्डही नाही, काउंटरस्पेलही नाही. म्हणून विझार्ड आणि सॉर्सररचा अपॉर्च्युनिटी अटॅक मी सरळ बंद करायला सांगेन. फायटर किंवा बार्बेरियनकडे दुसरं काही नसेल तर ऑटो एकदम ठीक. रोगचं (Rogue, चोरट्या चालींचा क्लास) मात्र बघून ठरवा. पाचव्या लेव्हलला त्याला अनकॅनी डॉज मिळतो आणि एका अटॅकचं डॅमेज अर्धं होतं. दुसरीकडे पळत्या शत्रूवर स्नीक अटॅकसकट (रोगचं जास्तीचं डॅमेज) वार बसण्याची शक्यता असते. दोन्ही तगडे आहेत, म्हणून रोगला विचारायवर ठेवा.

आता प्रॉम्प्ट समोर आला. हो म्हणायचं की नाही? स्क्रीनच्या वर टर्नचा क्रम दाखवणारी चित्रांची ओळ असते, तिकडे बघा. तुमचा पुढचा टर्न येण्याआधी किती शत्रू बाकी आहेत, आणि कोण?

समजा तुमचा पाचव्या लेव्हलचा विझार्ड आहे. त्याचा टर्न आत्ताच झाला. लगेच एका धनुर्धराचा बाण लागतोय आणि शिल्डचा प्रॉम्प्ट आला. हिट पॉइंट्स ३२ पैकी २८ शिल्लक. ओळीत त्या धनुर्धरामागे शत्रूंचा जादूगार उभा आहे. इथे नाही म्हणा. बाणाचे सात-आठ पॉइंट सोसा, कारण पाच मिनिटांत तोच जादूगार तुमच्या फायटरला होल्ड पर्सन (जागीच खिळवणारा स्पेल) करेल आणि तेव्हा काउंटरस्पेलला रिअ‍ॅक्शन हवी. आता हाच बाण ओळीतल्या शेवटच्या शत्रूकडून येतोय आणि त्याच्यानंतर तुमचाच टर्न आहे असं समजा. मग राखून काही फायदा नाही, रिअ‍ॅक्शन तशीही परत मिळणारच आहे. फक्त स्लॉटचा विचार करा, आणि तो असेल तर शिल्ड घ्या.

म्हणजे रिअ‍ॅक्शनची किंमत तुमचा टर्न संपल्याबरोबर सगळ्यात जास्त असते आणि पुढचा टर्न जवळ येतो तशी उतरत जाते. ही ओळ वाचायला शिकलात की प्रॉम्प्टचा कंटाळा येत नाही, उलट तिथेच खरा खेळ आहे हे कळतं.

५. माझ्या विझार्डकडे शिल्ड आहे, स्लॉट आहे, विचारायवर पण ठेवलं. तरी विचारतच नाही बे!

बहुतेक वेळा गेम बरोबर असतो. शिल्ड आर्मर क्लास (एसी, वार बसायला शत्रूच्या रोलने गाठायचा आकडा) ५ ने वाढवतो. त्या ५ ने निकाल बदलणार असेल तरच प्रॉम्प्ट येतो. तुमचा एसी १५ आहे आणि शत्रूचा रोल मिळून १८ झाला, तर शिल्डने एसी २० होतो आणि वार चुकतो, म्हणून विचारलं जाईल. रोल २२ असेल तर शिल्ड घेऊनही वार बसणारच, स्लॉट फुकट जाईल, म्हणून विचारत नाही. क्रिटिकल हिटलाही (डायवर २०, वार बसतोच) तेच.

हे नसेल तर बघा: रिअ‍ॅक्शन आधीच गेलीय का (प्रश्न २), अपॉर्च्युनिटी अटॅकने खाल्ली का (प्रश्न ४), कॅरॅक्टर बेशुद्ध किंवा स्टन झालंय का. आणि फायरबॉलसारखं काही अंगावर आलं तर शिल्ड लागूच होत नाही, कारण तिथे अटॅक रोल नसतो, तुम्हाला सेव्हिंग थ्रो (वाचण्यासाठीचा रोल) करावा लागतो.

एकदा घेतलेला शिल्ड तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत टिकतो. तीन धनुर्धर रांगेत असतील तर पहिल्यालाच घेतलेला शिल्ड तिघांना पुरतो. याला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर धरून ठेवायचं लक्ष) लागत नाही, त्यामुळे आधी चालू असलेला हेस्ट किंवा ब्लेस तुटत नाही.

६. काउंटरस्पेल कोणत्या स्पेलवर वाया घालवू नये?

काउंटरस्पेल तिसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे (स्पेलची लेव्हल वेगळी, कॅरॅक्टरची वेगळी). पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे तसे दोनच स्लॉट असतात आणि फायरबॉलही त्यातूनच जातो. म्हणून कॅन्ट्रिपला (स्लॉट न लागणारा छोटा स्पेल) कधीच नाही. मॅजिक मिसाइललाही सहसा नाही. होल्ड पर्सन, फायरबॉल, शत्रूचा हेस्ट, एखादा मोठा हीलिंग स्पेल यांना हो.

समोरचा स्पेल तिसऱ्या लेव्हलचा किंवा खालचा असेल तर तो आपोआप पडतो. वरचा असेल तर डी-२० टाकावा लागतो आणि लक्ष्य असतं १० अधिक त्या स्पेलची लेव्हल. पाचव्या लेव्हलच्या स्पेलला १५. इंटेलिजन्स १८ असलेला विझार्ड ४ मिळवतो, म्हणजे डायवर ११ किंवा जास्त पाहिजे, बरोबर निम्मी शक्यता. पाचव्या लेव्हलचा स्लॉट लावून काउंटरस्पेल टाकला तर रोलच नको. पार्टीत दोघांकडे काउंटरस्पेल असेल तर ज्याचा स्वतःचा टर्न लवकर येणार आहे त्याने टाकावा, कारण प्रश्न ४ मध्ये सांगितलेलं.

रेंज १८ मीटर. विझार्डला सुरक्षित म्हणून फार मागे उभं केलं तर प्रॉम्प्टच येणार नाही, आणि हे खूप जणांचं होतं. शत्रूचा जादूगार दिसला की त्याच्यापासून १५-१६ मीटरवर उभं राहायची जागा शोधा, आणि मध्ये भिंत किंवा खांब येऊ देऊ नका.

७. टेबलवर खेळताना डीएम स्पेलचं नावच सांगत नाही. मग काउंटरस्पेल कसा ठरवू?

२०१४ च्या नियमांत डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) नाव सांगायला बांधील नाही. २०१७ मध्ये आलेल्या पुस्तकातल्या पर्यायी नियमाप्रमाणे स्पेल ओळखायला आर्केना चेक (जादूच्या ज्ञानाचा रोल) करता येतो, १५ अधिक स्पेलची लेव्हल, पण त्यालाच रिअ‍ॅक्शन खर्च होते. मग काउंटरस्पेल टाकणार कशाने? त्यामुळे एकाने ओळखून ओरडायचं आणि दुसऱ्याने टाकायचा, असं बरेच गट करतात. आमच्या टेबलवर डीएम स्पेलचं नाव मोकळेपणाने सांगतो आणि मला तेच बरं वाटतं, खेळ पुढे सरकतो. तुमच्या गटात पहिल्याच दिवशी हे ठरवून घ्या, भर लढाईत वाद नको.

२०२४ च्या नवीन नियमांत काउंटरस्पेल वेगळा आहे: समोरच्याने कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो करायचा, चुकला तर स्पेल पडतो, पण त्याचा स्लॉट मात्र वाचतो. दोन आवृत्त्या मिसळून खेळत असाल तर कोणता चालतो ते आधी विचारा.

८. सायलेन्समध्ये काउंटरस्पेल टाकता येते का?

सायलेन्स म्हणजे आवाज बंद करणारा स्पेल. टेबलच्या नियमाने त्यात काउंटरस्पेल टाकता येतो. काउंटरस्पेलला फक्त हाताची हालचाल लागते, आवाज लागत नाही. मात्र त्यासाठी हात मोकळा हवा. एका हातात शस्त्र आणि दुसऱ्यात ढाल असेल तर वॉर कास्टर नावाचं फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) घ्यावं लागतं.

९. दुश्मन माझ्यासमोरून पळून गेला, अपॉर्च्युनिटी अटॅक बसलाच नाही. बग आहे का?

क्वचितच बग असतो. त्याने डिसएंगेज (वार न खाता मागे हटायची चाल) केलं असेल. मिस्टी स्टेपने गायब झाला असेल, टेलिपोर्टला हा अटॅक लागत नाही. तुमच्याच मित्राने त्याला ढकललं असेल, ढकलून हललेल्यालाही लागत नाही. तुम्ही ब्लाइंड असाल, आणि जो दिसत नाही त्याच्यावर हा अटॅक करता येत नाही. किंवा तो फक्त तुमच्याभोवती फिरला आणि तुमच्या पल्ल्याच्या बाहेर गेलाच नाही.

उडी मारून सुटता येतं असं अजून बरेच जण समजतात. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये उडीतच डिसएंगेज होतं. पूर्ण गेममध्ये नाही, उडी मारली तरी वार बसतो.

डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ वरून आलेल्यांसाठी: तिथे अपॉर्च्युनिस्ट नावाचं टॅलेंट घेतल्याशिवाय तुमचं कॅरॅक्टर हा अटॅक करतच नाही. इथे तो सगळ्यांना मिळतो.

१०. दुश्मनाची रिअ‍ॅक्शन आधीच संपवता येते का?

येते, आणि हे शिकलात की लढाया सोप्या होतात. शॉकिंग ग्रास्प लागला की त्याची रिअ‍ॅक्शन बंद. ओपन हँड मंकच्या फ्लरीमध्येही तो पर्याय आहे. स्लो स्पेलनेही होतं. यातलं काही नसेल तर सगळ्यात जास्त एसीवाल्या कॅरॅक्टरला आधी त्याच्या बाजूने चालवत न्या. त्याने वार केला की रिअ‍ॅक्शन गेली, मग मागून जखमी क्लेरिक निवांत निघून जाऊ शकतो. शत्रूच्या जादूगाराला काउंटरस्पेल येत असेल तर आधी एखादा हलका स्पेल टाकून त्याचा काउंटरस्पेल काढून घ्या, खरा फायरबॉल नंतर दुसऱ्याकडून.

११. पॅलाडिनचा स्माइट, लकी, बार्डिक इन्स्पिरेशन, हे पण प्रॉम्प्ट दाखवतात. हे रिअ‍ॅक्शन खातात का?

खात नाहीत. प्रॉम्प्ट आला म्हणजे रिअ‍ॅक्शन गेली असं नाही. डिव्हाइन स्माइटला (बसलेल्या वाराला जोडायचं जास्तीचं डॅमेज) स्पेल स्लॉट जातो, लकीला लकचा पॉइंट, बार्डिक इन्स्पिरेशनला तो डाय. रिअ‍ॅक्शन शाबूत राहते. बार्डचे कटिंग वर्ड्स मात्र रिअ‍ॅक्शन खातात, आणि हे दोन्ही एकाच बार्डकडे असल्यामुळे गोंधळ होतो.

स्माइटसाठी माझा सल्ला: साध्या हिटचा प्रॉम्प्ट बंद करा, क्रिटिकल हिटचा चालू ठेवा. क्रिटवर स्माइटचे डायही दुप्पट होतात. साध्या हिटला स्माइट हवा असेल तेव्हा हॉटबारवरून टाकता येतोच.

१२. माझ्याच टर्नमध्ये मला रिअ‍ॅक्शन वापरता येते का?

येते. टेबलवरचं नेहमीचं उदाहरण: तुम्ही फायरबॉल टाकला, शत्रूने काउंटरस्पेल टाकला, तुम्ही त्याच्या काउंटरस्पेलवर काउंटरस्पेल टाकला. चालतं. अपवाद असा: २०१४ च्या नियमात तुम्ही त्या टर्नमध्ये बोनस अ‍ॅक्शनने कोणताही स्पेल टाकला असेल, तर त्याच टर्नमध्ये एका अ‍ॅक्शनच्या कॅन्ट्रिपशिवाय दुसरा स्पेल चालत नाही, मग तो रिअ‍ॅक्शनचा असला तरी. म्हणजे मिस्टी स्टेप करून आलात आणि त्याच टर्नमध्ये पळताना कोणी मारलं, तर शिल्ड नाही. बाल्डर्स गेट ३ ने बोनस अ‍ॅक्शनची ही मर्यादा काढून टाकली आहे, म्हणून तिकडून टेबलवर आलेले हमखास इथे अडकतात.

१३. लढाई सुरू झाली, माझा पहिला टर्न अजून आला नाही. रिअ‍ॅक्शन आहे का माझ्याकडे?

आहे, सरप्राइज झाला नसाल तर. सरप्राइज झालात तर पहिला टर्न निघून जाईपर्यंत नाही. तुम्ही लपून पहिला हल्ला केला तर हाच फायदा तुम्हाला: शत्रूच्या जादूगाराला शिल्डही नाही, काउंटरस्पेलही नाही. मोठे स्पेल तेव्हाच टाका.

१४. बाल्डर्स गेटमध्ये रेडी अ‍ॅक्शन कुठं आहे? दार उघडलं की मारायचं आहे मला.

नाही, दिलेलीच नाही. ती हवी असेल तर २०२१ चा सोलास्टा खेळा. तोही पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर आहे, रेडी आहे, प्रॉम्प्टही विचारतो. ग्राफिक्स साधे आहेत, पण टेबलचे नियम शिकायला मला तो सगळ्यात चांगला वाटतो.

१५. आम्ही चार जण ऑनलाइन खेळतो. एकाचा प्रॉम्प्ट आला की बाकीचे मोबाइल घेऊन बसतात.

सगळ्यांनी मिळून प्रश्न ४ ची यादी एकदा करून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. कोणाचा काउंटरस्पेल, कोणत्या शत्रूसाठी, हे लढाईआधी बोला. मग प्रॉम्प्ट येतो तेव्हा निर्णय झालेला असतो, फक्त बटण दाबायचं असतं. व्हॉइस कॉल चालू ठेवा. आणि एकच सांगतो: दुसऱ्याच्या प्रॉम्प्टवर ओरडून त्याला घाई करू नका. नवीन माणूस तिथेच खेळ सोडतो.

१६. ऑनर मोडमध्ये बॉस मध्येच काहीतरी करतो, ते पण रिअ‍ॅक्शन आहे का?

ती लेजेंडरी अ‍ॅक्शन. ऑनर मोड नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी पॅच ५ मध्ये आला आणि त्यात मोठ्या बॉसना अशा जास्तीच्या चाली आहेत. तुम्ही विशिष्ट गोष्ट केली की त्या सुटतात. बॉसला एक्झॅमिन करून ती अट आधी वाचा. या मोडमध्ये सेव्ह एकच असतो, मागे जाऊन प्रॉम्प्टचं उत्तर बदलता येत नाही.

१७. पाथफाइंडर राथ ऑफ द राइचसमध्ये टर्न-बेस्ड मोड लावला, पण प्रॉम्प्ट कुठंच नाही?

तिथे अटॅक ऑफ अपॉर्च्युनिटी आपोआपच होतात. विचार आधी करायचा असतो. शत्रूजवळ उभं राहून स्पेल टाकला किंवा बाण मारला तरी वार बसतो, म्हणून कास्टरने पाच फुटांची स्टेप घेऊन सरकावं किंवा डिफेन्सिव्ह कास्टिंग चालू करावं. कॉम्बॅट रिफ्लेक्सेस फीट घेतलं तर डेक्स्टेरिटीच्या बोनसइतके जास्तीचे वार मिळतात, भाल्यासारख्या लांब दांड्याच्या शस्त्राबरोबर घ्या.

१८. फायनल फँटसी टॅक्टिक्समध्ये माझी रिअ‍ॅक्शन कधी चालते, कधी नाही. काऊन?

तिथे प्रॉम्प्ट नाही, शक्यता आहे, आणि ती ब्रेव्हवर चालते. ब्रेव्ह ७० असेल तर बहुतेक रिअ‍ॅक्शन ७० टक्के वेळा सुटतात. म्हणून ब्रेव्ह वाढवणं हाच उपाय. लढाईत ब्रेव्ह चार पॉइंट वाढला की त्यातला एक कायमचा राहतो. रिअ‍ॅक्शनचा स्लॉट एकच आहे, त्यामुळे निवड लढाईआधीच होते. ऑटो-पोशन घेत असाल तर खिशातल्या साध्या पोशन विकून टाका, कारण मूळ १९९७ च्या गेममध्ये ती आधी सगळ्यात हलकी पोशन वापरते.

१९. एक्सपेडिशन ३३ पण टर्न-बेस्डच आहे ना? मग पॅरी जमतच नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही!

हा २०२५ चा गेम टर्न-बेस्डच आहे, पण शत्रूच्या टर्नमध्ये तुम्हाला प्रत्यक्ष वेळेवर बटण दाबावं लागतं. आधी डॉज (वार चुकवणं) शिका, त्याची वेळ पॅरीपेक्षा (वार अडवण्यापेक्षा) सैल आहे. एखाद्या शत्रूच्या सगळ्या वारांवर डॉज बसायला लागला की मग त्याच शत्रूवर पॅरी सुरू करा. पॅरीने एपी (चाली करायला लागणारे पॉइंट) मिळतात, आणि सगळे वार पॅरी केले तर उलटा वारही बसतो. डिफिकल्टी स्टोरीवर ठेवली तर वेळ आणखी सैल होते, त्यात कमीपणा मानू नका. सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक क्यूटीई (वेळेवर दाबायचं बटण आपोआप दाबलं जाणं) आहे, पण तो तुमच्या हल्ल्यांसाठी. डॉज आणि पॅरी तुम्हालाच करावे लागतात.

उन्हाळ्याचं म्हणणं खरं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःला मंद करतो, फ्रेम्स पडतात आणि हात बरोबर असूनही बटण उशिरा लागतं. ग्राफिक्स एक पायरी खाली आणा, फ्रेम रेट ६० वर बांधा, लॅपटॉपची मागची बाजू उचलून ठेवा. खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा दमट असते. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, एवढ्यानेच बऱ्याच जणांची पॅरी बसायला लागली आहे. तरी उशीर वाटला तर व्ही-सिंक बंद करून बघा आणि कंट्रोलर ब्लूटूथऐवजी वायरने जोडा.